अकोल्याचं प्रोटीन, अमरावतीचं बफर

माझ्या नोकरीबद्दल सांगू लागले की लोक विचारतात, "म्हणजे रक्त तपासायचं का?" नाही म्हटलं की समोरच्याचा रस संपतो आणि बोलणं तुरीच्या भावावर येतं. इतकी वर्षं हे सोसलं. आता निवृत्त झाले आहे, संपादकांनी पानं दिली आहेत आणि मधेच उठून जाणारं समोर कोणी नाही. तेव्हा नीट सांगते.

अमरावतीच्या एका महाविद्यालयात मी मायक्रोस्कोपची खोली सांभाळत होते. शाळेत एक डोळा मिटून आपण कांद्याची साल बघतो, तो मायक्रोस्कोप नव्हे. हा टेबलभर पसरलेला, कॅमेरा आणि कॉम्प्युटर जोडलेला, अंधाऱ्या खोलीत ठेवायचा प्रकार. एखाद्या प्रोटीनला चमकणारा हिरवा रंग जोडलेला असला, तर ते कुठे जाऊन बसलंय ते हा दाखवतो. असं यंत्र आमच्या भागात फारसं कुठे नव्हतं, त्यामुळे अकोला, यवतमाळ, वाशीम अशा ठिकाणांहून संशोधक डब्यात बर्फ आणि बर्फात नमुने घेऊन यायचे. त्यांना मी गिऱ्हाईक म्हणायचे. प्राचार्यांना तो शब्द आवडत नसे. पण वेळ ठरवून यायचं, काम झालं की जायचं आणि चित्र चांगलं आलं नाही तर यंत्राला नावं ठेवायची, अशा माणसाला दुसरं काय म्हणतात ते मला माहीत नाही.

आमचा उन्हाळा हा या धंद्याचा वैरी. बाहेर डांबर मऊ होत असताना खोलीतलं तापमान जरासुद्धा हलता कामा नये, कारण मी जे बघत असे ते ऊन-थंडीच्या बाबतीत फार नाजूक. वीज गेली की एसीआधी माझंच डोकं तापायचं. म्हणून मार्चपासून मी सगळ्यांना सकाळची वेळ देत असे आणि उशिरा येणाऱ्याला दारातून परत पाठवत असे. खडूस बाई म्हणून माझं नाव पार अकोल्यापर्यंत गेलं होतं. त्याचा मला आजही थोडा अभिमान आहे.

आता मी बघत काय असे, ते. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत माझ्याकडे येणारं बहुतेक काम थेंबांचं होतं. शाळेच्या पुस्तकातल्या पेशीत प्रत्येक गोष्टीला भिंत असते. केंद्रकाला आवरण, बाकीच्यांना आपापली आवरणं. खरी पेशी इतकी शिस्तीची नाही. तिच्यातली कित्येक कामं भिंत नसलेल्या जागी चालतात. काही प्रोटीन एकमेकांना धरून गोळा होतात आणि त्यांचा थेंब होतो. आपल्या पाटोडीच्या रश्श्यावर तर्री, म्हणजे तेलाचा लाल तवंग, तरंगते, तिला कोणी कुंपण घातलेलं नसतं, तरी ती वेगळी राहते ना, तसंच. दोन थेंब जवळ आले की एक होतात. काम संपलं की विरून जातात.

मग प्रश्न येतो की पेशी हे थेंब हवे तेव्हा जमवते कशी आणि नको तेव्हा मोडते कशी. तिची एक युक्ती म्हणजे प्रोटीनला बारीकशी रासायनिक खूण चिकटवणं. सगळ्यात नेहमीची खूण फॉस्फेटची. एक एन्झाइम, त्याचं नाव काइनेज, ती चिकटवतं. दुसरं, फॉस्फटेज, ती काढून टाकतं. प्रोटीन तेच राहतं, पण त्याच्या अंगावरचा विजेचा भार बदलतो, आणि भार बदलला की शेजाऱ्याशी त्याचं जमणं-बिनसणंही बदलतं. कुठल्या प्रोटीनचं जमेल आणि कुठल्याचं बिनसेल हे मात्र आधी कोणाला सांगता येत नाही. काही प्रोटीनचे थेंब फॉस्फेट लागल्यावर विरतात, काहींचे त्यानेच जमतात. ते बघावंच लागतं, आणि बघायला माझ्याकडे यावं लागे.

बघणं म्हणजेही नुसतं बघणं नाही. एकदा एक प्राध्यापक आले. नाव सांगत नाही, कारण ते हा अंक वाचतात. त्यांना नव्या प्रकारचे थेंब सापडले होते. "मॅडम, पाहा तर खरं, केवढाले हायेत!" थेंब खरंच मोठे आणि गोल गरगरीत होते. मी काचेवर थोडं मिठाचं पाणी सोडलं. खरे थेंब बरेचदा विरुद्ध भारांच्या ओढीवर टिकून असतात. मीठ वाढलं की ती ओढ झाकली जाते आणि थेंब विरतात. यांचे थेंब ढिम्म हलेनात. तेवढ्यात माझं लक्ष सरांच्या केसांकडे गेलं. चपचपीत तेल, आणि दर वाक्याला केसांवरून हात फिरवायची सवय. त्याच हाताने ते काचा उचलत होते.

"सर, तेल कोणतं लावता?"

"माक्याचं. काहून?"

काहून ते मी सांगितलं. सर मोठ्या मनाचे, स्वतःच खो खो हसले आणि पुढच्या वेळी टोपी घालून आले. पण मीठ टाकून बघायची माझी ही सवय लक्षात ठेवा, कारण मला ज्या प्रकरणाबद्दल खरं बोलायचं आहे त्यात सगळा घोळ मिठानेच घातला.

अश्विनी माझ्याकडे आली ती इंगळे सरांची विद्यार्थिनी म्हणून. सर अकोल्याला शिकवत, त्यांची प्रयोगशाळाही तिथेच. मुलगी मात्र इकडची, वलगावची. घरी शेवंती-झेंडूचा मळा. ती आठवडाभर अकोल्यात प्रोटीन बनवी, शुक्रवारी रात्री घरी येई आणि शनिवारी बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटीने माझ्याकडे येई. डब्यात बर्फाच्या कडेला कधी फुलांची पुडी असायची, कधी आईने दिलेले हरभऱ्याचे घाटे. रिकाम्या हाताने ही पोरगी कधी आली नाही. मी रागवायचे, "अगं, नमुन्याच्या डब्यात खाण्याचं नको ठेवू." ती म्हणायची, "मॅडम, ते वरच्या कप्प्यात हाये," आणि पुढच्या शनिवारी पुन्हा आणायची.

तिचं प्रोटीन हरभऱ्याचं होतं. आपल्याकडे फेब्रुवारीतच ऊन चढलं की हरभऱ्याचा फुलोरा गळतो, घाटे भरत नाहीत, हे मळ्यातल्या मुलीला कोणी शिकवायला नको. ऊन वाढलं की झाडाच्या पेशी आपली चालू कामं थांबवतात आणि त्यांचं सामान अशाच थेंबांत बाजूला ठेवून देतात. ऊन उतरलं की थेंब मोडून काम पुन्हा सुरू. ज्या झाडाला हे वेळेवर जमतं ते तगतं. त्या थेंबांतलं एक प्रोटीन अश्विनीने धरलं होतं, आणि इंगळे सरांचा अंदाज असा की ऊन उतरल्यावर झाड त्याला फॉस्फेट चिकटवत असणार आणि त्याने थेंब मोडत असणार. अंदाज वाजवी होता. मलाही पटला होता.

प्रयोगाची रीत सोपी आहे. प्रोटीन साठवायचं ते मिठाच्या पाण्यात, म्हणजे ते आधीच गोळा होऊन बसत नाही. काचेवर त्यातलं टिपूसभर घ्यायचं आणि कमी मिठाच्या पाण्यात मिसळायचं. मीठ एकदम उतरतं आणि ज्याचे थेंब व्हायचे त्याचे होतात. या ठरावीक आम्लतेच्या, ठरावीक मिठाच्या पाण्याला आम्ही बफर म्हणतो. हे कमी मिठाचं बफर मी स्वतः बनवून ठेवत असे. खिडकीजवळच्या फळीवर त्याची मोठी बाटली असायची, लागेल त्याने घ्यावं.

हिवाळ्यात तिने साधं प्रोटीन आणलं, फॉस्फेट न लावलेलं. बारीक बारीक हिरवे थेंब दिसले. आम्ही दोघी खूश. पुढच्या महिन्यात अकोल्यात काइनेज वापरून तिने फॉस्फेट लावलेलं प्रोटीन तयार केलं, तेव्हा मी अंजनगाव सुर्जीला भाच्याच्या लग्नात होते. किल्ली तिच्याकडे देऊन ठेवली होती. तिने एकटीने चित्रं घेतली आणि मला फोनवर पाठवली. एकही थेंब नाही. नुसता सपाट हिरवा उजेड. म्हणजे सरांचा अंदाज बरोबर. मांडवात बसून मी ते चित्र माझ्या बहिणीला दाखवलं. ती म्हणाली, "याच्यात तं काहीच नाई." मी म्हटलं, तेच तर.

सरांनी लगेच एका मोठ्या परिषदेसाठी गोषवारा पाठवला. साध्या मराठीत त्याचं म्हणणं असं होतं की फॉस्फेट लागलं की थेंब विरतात. तो स्वीकारला गेला, सरांचं व्याख्यान ठरलं. अश्विनीच्या नोंदणीची मुदत त्या उन्हाळ्यात संपत होती आणि प्रबंधाचं हे शेवटचं प्रकरण. सगळं अगदी जुळून आलं होतं.

फक्त एक राहिलं होतं. खूण लावल्याने थेंब गेले म्हणता, तर खूण काढल्यावर ते परत यायला हवेत. हा उलट प्रयोग केल्याशिवाय कोणी मानत नाही, मानूही नये. अश्विनीने फॉस्फटेज आणलं, फॉस्फेट काढलं, माझ्या बफरात मिसळलं. थेंब आले नाहीत. एन्झाइम खराब असेल म्हणून नवीन मागवलं. तरी नाहीत. एकेक शनिवार जात होता. ती यायची, अंधारात पडद्यासमोर बसायची, आणि सपाट हिरवा उजेड बघून परत वलगावला जायची. घाटे येत राहिले, पण तिचं बोलणं कमी झालं.

इंगळे सर कडक माणूस. ते तिला म्हणाले, "अर्धी गोष्ट मी प्रबंधात जाऊ देणार नाही. उलट प्रयोग येत नसेल तर हे प्रकरण काढून टाकू. मग तुझ्याकडे काय उरतं ते तूच बघ." फारसं काही उरत नव्हतं. मुदत वाढवून मिळणं कठीण होतं, आणि पदवीशिवाय बाहेर पडली असती तर इतक्या वर्षांचं काम कोणी विचारलं नसतं. तिने हे मला सांगितलं तेव्हा मी तिला चहा दिला. दुसरं काय द्यावं ते मला कळलं नाही. गिऱ्हाइकांच्या प्रश्नांत पडायचं नाही, चित्र काढून द्यायचं, हा माझा शिरस्ता. लोकांच्या शोधनिबंधांत शेवटच्या ओळीत माझे आभार असत, तेवढ्यावर मी समाधानी असे. निदान तसं म्हणत असे. स्वतःचा असा एक प्रश्न धरून त्याच्या मागे लागायचं राहून गेलं, याची हळहळ मला अशा वेळी वाटायची.

त्यातच विज्ञान दिन आला. दरवर्षी आम्ही शाळेतल्या मुलांना मायक्रोस्कोप दाखवत असू. त्या वर्षी मोझरीकडच्या एका शाळेची मुलं आली होती. दाखवायला माझं एक ठरलेलं प्रोटीन होतं, अगदी भरवशाचं. बफरात सोडलं की क्षणात थेंबच थेंब, आणि मुलं "ओ बापा!" म्हणून ओरडायची. त्या आवाजासाठी मी वर्षभर वाट बघत असे. मी ऐटीत म्हटलं, "आता बघा हं गंमत," आणि फळीवरच्या बाटलीतलं बफर घेऊन त्यात ते सोडलं.

पडद्यावर काहीच नाही.

पुढे उभी असलेली एक मुलगी मान वाकडी करून बघत होती. ती म्हणाली, "मॅडम, काहीच तं नाई दिसून राह्यलं." मागून कोणी तरी खुदकन हसलं. माझ्या भरवशाच्या प्रोटीनने मला पोराबाळांसमोर तोंडघशी पाडलं होतं. मी त्यांना कांद्याची साल दाखवून वेळ मारून नेली आणि ती गेल्यावर दार लावून घेतलं.

ताजं बफर बनवलं. त्यात तेच प्रोटीन सोडलं. थेंबच थेंब. म्हणजे दोष बाटलीत. पाण्यातलं मीठ मोजायचं एक छोटं यंत्र असतं, ते बाटलीत बुडवलं. आकडा असा काही वर गेला की खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणीही लाजावं. माझ्या बाटलीत माझं बफर नव्हतंच. बाकीची गिऱ्हाइकं पानांचे काप आणत आणि आपापली द्रावणं आणत, म्हणून इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ही बाटली वापरणारी एकच होती. मी अश्विनीला फोन लावला. ती मळ्यात होती, मागून तिच्या आईचा आवाज येत होता.

"अश्विनी, फळीवरच्या बाटलीला कोणी हात लावला होता का गं?"

"ते मीच भरून ठेवली, मॅडम. तुम्ही लग्नाले गेल्या होत्या ना, तवा ते संपत आली होती. मले वाटलं, पुरं संपवून रिकामी बाटली कशी ठेवू?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत जात नाही. तिने चटणी दिली असेल तर त्या वाटीत गुळाचा खडा तरी घालून देतात. रिकामी दिली तर आई हातावर मारायची. त्याच घरच्या वळणाची ही मुलगी. बाईंची बाटली संपवली, तर भरून ठेवणारच. तिच्या जागी मी असते तर मीही भरली असती.

"कशाने भरलीस?" मी विचारलं.

"आमचं बफर होतं ना डब्यात. तेच टाकलं. आम्लता तेवढीच हाये, मी पाह्यलं होतं मॅडम लेबलवर."

आम्लता तेवढीच होती. पण अकोल्याचं बफर प्रोटीन साठवायचं, मिठाने भरलेलं. बाटलीवर मिठाचा आकडा मी कधी लिहिला नव्हता, कारण ती भरणारी मी एकटीच असायची. मी 'मीठ' एवढंच म्हटलं आणि पुढचं तिने स्वतःच जुळवायला घेतलं. मागे आई कोणाला तरी टोपल्या मोजून देत होती. अश्विनी म्हणाली, "मॅडम... साधं प्रोटीन पह्यले केलं होतं. तुमच्या बफरात."

"हो."

"आन् फॉस्फेटवालं मंग केलं. बाटली भरल्यावर."

"हो गं."

"मंग ते थेंब फॉस्फेटनं नाई गेले. मिठानं गेले."

मला ते सांगायची वेळ आली नाही याचं बरं वाटलं, आणि तिला ते स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं याचं वाईट. उलट प्रयोग का येत नव्हता ते आता उघड होतं. इतक्या मिठात कोणाचेच थेंब आले नसते. पण त्याच दमात सरळ प्रयोगही गेला होता. स्वीकारलेला गोषवारा, ठरलेलं व्याख्यान, प्रबंधाचं शेवटचं प्रकरण, सगळं माझ्या फळीवरच्या एका बाटलीवर उभं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्कूटीवरून आली. डोळे सुजलेले होते. "सरले आत्ताच सांगू का?" तिने विचारलं.

"काय सांगशील?"

"का चुकलं म्हणून."

"चुकलं हे कळलं. बरोबर काय ते कुठे कळलंय? आधी बघू, मग पूर्ण सांग."

ती म्हणाली, "आन् बघितलं आन् काहीच नाई निघालं तं?"

"तर तेही सांगायचं. पण अर्धवट नाही सांगायचं." मी जरा जोरातच बोलले. तिला धीर द्यायचा होता आणि मला धीर गोड शब्दांत देता येत नाही.

फॉस्फेट लावलेलं प्रोटीन अकोल्याच्या फ्रीजरमध्ये अगदी थोडं उरलं होतं. नवीन बनवायचं तर महागडं काइनेज पुन्हा मागवायला हवं आणि तेवढा वेळ हातात नव्हता. म्हणजे जे काही करायचं ते उरलेल्यात. तिने अकोल्याहून ते आणलं तेव्हा मी एकाच दिवशी बनवलेलं एकच बफर तयार ठेवलं होतं, मीठ मोजून, आणि या वेळी बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून. एकाच काचेवर शेजारी शेजारी दोन खळगे घेतले. डावीकडे साधं प्रोटीन, उजवीकडे फॉस्फेट लावलेलं. बफर एक, तापमान एक, हात एक. फरक दिसला तर तो फॉस्फेटचाच.

डावीकडे थेंब आले. हिवाळ्यात आले होते तसेच, बारीक, थोडे. तेव्हा ते आम्हाला भरपूर वाटले होते. तुलनेला काही नव्हतं ना. मग तिने काच सरकवली.

उजवीकडे पडदा भरून गेला होता. मोठे, गोल, झगझगीत थेंब, आमच्या डोळ्यांदेखत एकमेकांना भिडत होते, भिडले की एक होत होते. इतक्या वर्षांत मी पुष्कळ थेंब पाहिले, पण तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, हे मोकळेपणाने सांगते. अश्विनी खुर्चीतून अर्धी उठली होती.

"मॅडम, उलटं हाये. सगळं उलटं हाये."

उलटंच होतं. फॉस्फेटने थेंब मोडत नव्हते, जमत होते. नंतर तिने त्याचं कारणही पटण्यासारखं मांडलं. या प्रोटीनच्या अंगावर धन भार जास्त, म्हणून ती एकमेकांना दूर ढकलतात. फॉस्फेट ऋण भार घेऊन येतं आणि त्यांना एकमेकांना धरायला जागा मिळते. झाड फॉस्फेट चिकटवतं ते ऊन उतरल्यावर नव्हे, ऊन चढल्यावर, असं असू शकतं. पण ते सगळं नंतर. त्या क्षणी ती फक्त पडद्याकडे बघत होती आणि मी कॅमेरा चालू केला की नाही ते तीनतीनदा तपासत होते.

"आता सांगू सरले?" ती म्हणाली.

"आता सांग."

इंगळे सर फोनवर फार बोलले नाहीत. "येतो," म्हणाले, आणि दुपारच्या उन्हात गाडी चालवत अकोल्याहून आले. सकाळशिवाय कोणाला आत न घेणारी मी त्या दिवशी दार उघडून उभी होते. सरांनी आधी बाटलीची हकिगत पूर्ण ऐकली. रागावले नाहीत. कपाळावरचा घाम पुसून म्हणाले, "गोषवारा छापायला गेलाय, काळे मॅडम." ते मला म्हणाले, पण ऐकत अश्विनी होती. मग ते पडद्यासमोर बसले आणि तिला म्हणाले, "दाखव."

तिने दोन्ही खळगे दाखवले. सरांनी काच सरकवून दोन्ही पुन्हा एकदा पाहिले. नंतर विचारलं, "हे फॉस्फेटमुळेच कशावरून? काइनेजबरोबर दुसरं काही आलं असेल."

"फॉस्फेट काढून पाहू, सर," ती म्हणाली. शेवटचं उरलेलं तिने त्यासाठीच ठेवलं होतं. एका खळग्यात थेंबांवर तिने फॉस्फटेज सोडलं. शेजारच्यात तेच फॉस्फटेज, तेवढंच, पण आधी उकळून निकामी केलेलं. एन्झाइम सोडताना पाणी वाढलं म्हणून थेंब विरले असं उद्या कोणी म्हणू नये, यासाठी. हे मी तिला सुचवलं नव्हतं. सरांनीही नाही. सरांनी फक्त माझ्याकडे एकदा बघितलं.

आम्ही थांबलो. एसीचा आवाज तेवढा येत होता. मला सारखी भीती वाटत होती की वीज जाईल. उकळलेल्या एन्झाइमच्या खळग्यात थेंब होते तसे होते. दुसरीकडे कडेचा एक मोठा थेंब आधी फिका झाला, मग त्याची कड पुसट झाली. त्याच्या शेजारचा लहान थेंब दिसेनासा झाला. मग एकेक करत ते विरत गेले, आणि शेवटी डावीकडच्या साध्या प्रोटीनसारखे थोडे, बारीक तेवढे उरले. इतके शनिवार जो उलट प्रयोग येत नव्हता तो समोर येत होता, फक्त दुसऱ्याच दिशेने.

सर उठले. त्यांनी खिशातून फोन काढला आणि परिषदेच्या आयोजकांना लावला. खोली लहान, पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

"मी इंगळे, अकोल्याहून. माझा गोषवारा चुकीचा आहे," सर म्हणाले. "नाही, शुद्धलेखन नाही. निष्कर्ष चुकीचा आहे."

पलीकडे गडबड उडाली. मग आवाज आला, "म्हणजे व्याख्यान रद्द करायचं का, सर?"

"रद्द कशाला? बरोबर काय ते सापडलंय. शीर्षक बदला. आणि बोलणाऱ्याचं नावही बदला, मी नाही बोलणार. माझी विद्यार्थिनी बोलेल."

अश्विनीने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं रुतली.

"नवं शीर्षक सांगा, सर," पलीकडून आवाज आला.

सरांनी फोन तिच्यापुढे धरला. "तुझं आहे. तूच सांग."

तिने फोन घेतला. घसा साफ केला. पडद्यावर उरलेल्या थेंबांकडे एकदा बघितलं आणि पुस्तकी मराठीत, एकेक शब्द सावकाश ठेवत म्हणाली, "फॉस्फेट लागलं की थेंब जमतात."

"जमतात? आधीच्यात विरतात असं आहे. नक्की ना? कारण आता छापलं की पुन्हा बदलता येणार नाही."

"नक्की," ती म्हणाली, आणि तिची पुस्तकी मराठी तिथेच संपली. "म्या माह्या डोयानं पाह्यलं जी. छापा तुमी."